'गोळ्या लागू पडत नाहीत, तर मशरूम घेऊन पाहू का?'

पत्राचा सारांश : पूर्व उपनगरात राहणाऱ्या आणि वांद्रे-कुर्ला संकुलात एका बँकेच्या कार्यालयात नोकरी करणाऱ्या ४२ वर्षांच्या वाचकाचे हे पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. वर्षभरापासून त्यांना नैराश्याने घेरले आहे. सकाळी उठवत नाही, कामात चुका होतात, मुलीचे बक्षीस पाहूनही काही वाटले नाही, असे ते लिहितात. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम या नैराश्यविरोधी औषधाची १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली, त्याला आठ महिने झाले. 'जरा बरे वाटले की बंद करायचो, मग पुन्हा सुरू करायचो, पण एकंदरीत उपयोग शून्य.' कॉलेजच्या एका मित्राने गोव्यातील तीन दिवसांच्या 'हीलिंग' शिबिराची माहिती दिली. तेथे मॅजिक मशरूम, म्हणजे भास घडवणारी अळंबी, आणि ती न मिळाल्यास एलएसडी हे तसेच भास घडवणारे रासायनिक द्रव्य देतात. शुल्क ४५,००० रुपये असून त्यातील १५,००० वाचकांनी भरले आहेत. तेथील 'गाइड'ने दोन आठवडे आधी गोळ्या बंद करायला सांगितल्यामुळे चार दिवसांपासून ते अर्धी गोळी घेत आहेत. पत्नीला 'ऑफिसचे ट्रेनिंग' असे सांगितले आहे. ओघात ते आणखी दोन गोष्टी लिहितात. धाकटे काका 'डोक्याने गेलेले' होते आणि ठाण्याच्या मनोरुग्णालयात दोनदा भरती झाले होते. शिवाय, '२०१८ मध्ये मी असा नव्हतो. तीन-चार महिने रोज तीन तास झोपूनही ताजातवाना असायचो, नोकरी सांभाळून दोन धंदे काढले, कर्ज काढून पनवेलला जागा बुक केली. तोच मी मला परत हवा आहे.' शेवटी एक वाक्य आहे, 'कधी कधी वाटते, सगळे एकदाचे थांबले तर बरे.' शिबिराला जावे का आणि पत्नीला सांगावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या दोन प्रश्नांकडे येण्यापूर्वी त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. 'सगळे थांबले तर बरे' हे वाक्य दमलेला माणूसही लिहितो आणि जीव नकोसा झालेला माणूसही लिहितो. पत्रावरून मला त्यातील फरक कळू शकत नाही, म्हणून सरळच विचारतो. आपले जीवन संपवावे असा विचार तुमच्या मनात येतो का? येत असेल, तर या पत्राचा उरलेला भाग नंतर वाचा. आधी १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे. ती मोफत असून दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येते. त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला ते शब्दांत सांगा. असे विचार येणे हा गुन्हा नाही, दुबळेपणा तर नाहीच. नैराश्याचे ते एक लक्षण आहे आणि डॉक्टरांना ते ताप किती आहे हे सांगावे इतक्या स्पष्टपणे सांगायचे असते.

आता मशरूमविषयी. हा विचार तुमच्या डोक्यात आला यात मला वेडेपणा वाटत नाही. मी समुपदेशक आहे, औषध लिहून देण्याचा मला अधिकार नाही; पण या विषयावरचे संशोधन मी बऱ्याच वर्षांपासून वाचत आलो आहे आणि ते गंभीरपणे घेण्याजोगे आहे. सायलोसायबिन हे या मशरूममधील मुख्य द्रव्य. स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ मध्ये ते वेगळे काढले. एलएसडी ज्यांनी प्रथम तयार केले तेच हे हॉफमन. १९६०च्या दशकात संशोधन जोरात होते, नंतर कायद्याने ते जवळजवळ थांबले आणि गेल्या दोन दशकांत पुन्हा सुरू झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये, इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, या उपचाराला 'ब्रेकथ्रू थेरपी'चा दर्जा दिला. या दर्जामुळे तपासणी लवकर होते, वापराची परवानगी मिळत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून एक पाऊल पुढे टाकले आणि अधिकृत मान्यता घेतलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना अशा रुग्णांसाठी ते लिहून देण्याची मुभा दिली. तेव्हा तुमच्या मित्राने सांगितलेले सगळेच खोटे नाही.

पण त्याने आकडे अर्धेच सांगितले असावेत. या विषयावरील मोठ्या अभ्यासांपैकी एक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २३३ रुग्ण होते आणि त्यांना २५, १० किंवा १ मिलिग्रॅम सायलोसायबिन एकदाच देण्यात आले. तीन आठवड्यांनी, नैराश्य निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण २५ मिलिग्रॅमच्या गटात ३७ टक्के होते आणि नाममात्र १ मिलिग्रॅम घेतलेल्यांत १८ टक्के. म्हणजे परिणाम आहे. पण सर्वांत मोठी मात्रा घेतलेल्या शंभरांपैकी साठाहून अधिक जणांना तेवढा फरक पडला नाही. बारा आठवड्यांपर्यंत टिकलेला फरक तर साधारण २० टक्क्यांतच होता. आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करण्याच्या घटना तिन्ही गटांत नोंदल्या गेल्या. ज्या माणसाने तुमच्यासारखे शेवटचे वाक्य लिहिले आहे, त्याने हे विसरू नये.

दुसरा एक अभ्यास तुमच्याशी थेट संबंधित आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२१ मध्ये ५९ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात सायलोसायबिनची तुलना ज्या औषधाशी केली, ते एस्सिटालोप्राम होते, म्हणजे तुमच्या कपाटात पडलेली तीच गोळी. सहा आठवड्यांनी, अभ्यासाआधी ठरवलेल्या मुख्य मोजपट्टीवर दोन्ही गटांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. इतर काही मोजपट्ट्यांवर मशरूमचे पारडे जड दिसले, हेही खरे. पण त्या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांनी ती रोज घेतली, तीन आठवड्यांनी तिची मात्रा १० वरून २० मिलिग्रॅम केली गेली आणि मानसोपचारकांचा आधार दोन्ही गटांना सारखाच मिळाला.

आता तुमचे आठ महिने पाहा. 'उपयोग शून्य' हा तुमचा निष्कर्ष कशावर उभा आहे? मात्रा आठ महिने १० मिलिग्रॅमवरच राहिली, तीही सलग नाही. या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे सलग घ्याव्या लागतात. बरे वाटू लागले की थांबायचे आणि खचल्यावर पुन्हा धरायची, यात तो काळ कदाचित एकदाही पूर्ण झाला नसेल. शिवाय, डॉक्टर दर वेळी पाच मिनिटांत तीच चिठ्ठी पुन्हा लिहून देतात, असे तुम्हीच लिहिले आहे. त्यात डॉक्टरांचा दोष असेलही, पण गोळी चुकते हे तुम्ही त्यांना सांगितले होते का? वैद्यकात 'उपचारांना दाद न देणारे नैराश्य' हे नाव साधारणपणे निदान दोन वेगवेगळी औषधे, पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही फरक पडला नाही तर देतात. त्या व्याख्येत तुम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहात, आणि ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनीही तुम्हाला मशरूम लिहून दिले नसते.

तरीही मी 'नियमित गोळी घ्या' एवढेच सांगून थांबलो नसतो, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज, जाता जाता लिहून गेला आहात. ती म्हणजे काका आणि २०१८ मधील ते तीन-चार महिने.

झोप तीन तासांवर येऊनही थकवा नाही, एकाच वेळी दोन धंदे, कर्ज काढून घाईने केलेली खरेदी. या काळाकडे तुम्ही 'खरा मी' म्हणून पाहता. मानसोपचारतज्ज्ञ त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतील. तो नुसता उमेदीचा काळ असू शकतो. पण तो उन्मादाचा किंवा त्याच्या सौम्य रूपाचा झटकाही असू शकतो, आणि तसे असेल तर तुमचे आजचे नैराश्य हे बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय विकारातील नैराश्य असेल. निदान मी करत नाही आणि पत्रावरून कोणी करूही नये. मात्र ही शक्यता तपासणे अत्यावश्यक आहे, कारण दोन्ही आजारांत माणूस सारखाच खचलेला दिसतो, उपचार मात्र वेगळे असतात. द्विध्रुवीय विकारात केवळ नैराश्यविरोधी गोळी अनेकदा लागू पडत नाही आणि क्वचित माणसाला उलट दिशेला ढकलते. तेथे मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांची गरज असते. 'गोळ्या लागू पडत नाहीत' याचा अर्थ 'गोळ्याच निकामी आहेत' असा तुम्ही लावला. 'गोळी चुकीच्या आजारावर चालली आहे का?' हा प्रश्न कोणी विचारलाच नाही.

मशरूमच्या बाबतीत तर ही शंका निर्णायक ठरते. सायलोसायबिनच्या या अभ्यासांत, स्वतःला किंवा जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनियासारखा तीव्र मनोविकार किंवा द्विध्रुवीय विकार असलेल्यांना सर्वसाधारणपणे घेतच नाहीत. अशा व्यक्तींमध्ये ही द्रव्ये भ्रम किंवा उन्माद उफाळून आणू शकतात आणि तो द्रव्याचा अंमल उतरल्याबरोबर उतरेलच असे नाही. काकांना नेमके काय झाले होते हे घरात कोणी उच्चारत नसेल, आपल्याकडे तशीच रीत आहे. चुलतभावाकडे जुने केसपेपर असतील तर ते मागून घ्या. पुढे निदान बदलून लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध सुरू झाले, तर आणखी एक धोका वाढतो, कारण लिथियमबरोबर ही द्रव्ये घेतल्यावर फिट आल्याच्या नोंदी आहेत.

आता त्या शिबिराविषयी. गाइडने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फॉर्ममधील प्रश्न तुम्ही पत्रात उतरवून पाठवले, ते बरे केले. जेवण शाकाहारी की मांसाहारी, खोली स्वतंत्र की दोघांत, अंगरख्याचा आकार कोणता, पैसे कोणत्या ॲपने पाठवणार. रक्तदाब, हृदयविकार, चालू औषधे, घराण्यातील मनोविकार यांपैकी एकही प्रश्न त्यात नाही. गोळ्या बंद करायला मात्र सांगितले आहे, तेही तुम्ही कोणती गोळी किती घेता हे न विचारता. अभ्यासांत औषध बंद करणे असेल तर ते हळूहळू आणि देखरेखीखाली होते. त्याआधी कसून तपासणी होते, मानसोपचारकांबरोबर तयारीच्या बैठका होतात. प्रत्यक्ष दिवशी, डोळ्यांवर पट्टी आणि कानावर संगीत असताना, सहा-आठ तास प्रशिक्षित माणसे शेजारी बसतात, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो आणि नंतर त्या अनुभवावर पुन्हा बैठका होतात. मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजलेल्या शुद्ध द्रव्याची असते. पुडीतून येणाऱ्या सुकवलेल्या मशरूममध्ये ते द्रव्य किती आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. तेव्हा परदेशात चालते तेच येथे चालते, हे तुमचे दुसरे गृहीतक टिकत नाही.

आणखी एका गोष्टीचा लोक विचार करत नाहीत. समजा, रात्री दोन वाजता तुमची छाती धडधडू लागली, कोणीतरी मागे लागले आहे अशी खात्री वाटू लागली आणि तुम्ही बाहेर पळू पाहिलेत. तो गाइड तुम्हाला रुग्णालयात नेईल का? सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहेत. ती द्रव्ये सेवन करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. एलएसडी ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त सापडले, तर ते व्यापारी प्रमाण ठरते आणि किमान शिक्षा दहा वर्षांची असते. अशा ठिकाणी रुग्णवाहिका बोलावणे म्हणजे आपणहून पोलिसांना बोलावणे, असा हिशेब चालवणारा करणार, आणि त्या हिशेबात तुमचा जीव मागे पडू शकतो. बँकेतील नोकरीचे काय होईल, हे मी वेगळे सांगायला नको.

'नैसर्गिक आहे, आपल्या पूर्वजांनीही सोमरस घेतलाच की,' या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. आणि नैसर्गिकपणाचे म्हणाल, तर पावसाळ्यात पालघरच्या बाजारात रानातली अळंबी विकणाऱ्या बायकांना विचारा. कोणती खायची आणि कोणतीने माणूस मरतो, याचे ज्ञान त्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आल्या आहेत, कारण दोन्ही सारखीच नैसर्गिक असतात.

मग गोवा नको, पण घरीच अगदी थोडे-थोडे घेण्याचा, ज्याला 'मायक्रोडोसिंग' म्हणतात तो मार्ग? तुम्ही तो पर्याय म्हणून सुचवला आहे आणि अनेक वाचक तसे विचारतात. इम्पीरियल कॉलेजच्याच २०२१ मधील एका अभ्यासात १९१ जणांनी, आपण खरे द्रव्य घेतो की रिकामी कॅप्सूल हे स्वतःलाच कळू न देता, हा प्रयोग केला. दोन्ही गटांना बरे वाटले आणि जवळजवळ सारखेच वाटले. कायदा आणि घराण्यातील आजार हे दोन्ही प्रश्न तेथेही सुटत नाहीत.

कायद्याच्या चौकटीत, लवकर परिणाम करणारे काही हवे असेल, तर केटामाइनविषयी तुम्ही आज ना उद्या ऐकालच. हे मुळात भूल देण्याचे औषध आहे. त्याच्याशी संबंधित एसकेटामाइनचा नाकात मारायचा फवारा अमेरिकेत २०१९ मध्ये हट्टी नैराश्यासाठी मंजूर झाला, तोही दवाखान्यातच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास देखरेखीखाली थांबायचे, या अटीवर. आपल्याकडेही काही मानसोपचारतज्ज्ञ रुग्णालयात केटामाइन देतात. परिणाम काही तासांत दिसू शकतो, पण बहुधा काही दिवसांत ओसरतो. रक्तदाब वाढतो आणि त्याची सवयही लागू शकते. निदान पक्के झाल्यावर, तज्ज्ञांच्या हातून आणि रुग्णालयातच, एवढेच त्याबद्दल म्हणेन. चुंबकीय लहरींचा आरटीएमएस हा उपचार मुंबईत मिळतो. विजेच्या उपचाराला, म्हणजे ईसीटीला, आपण 'शॉक' म्हणून घाबरतो; पण तीव्र नैराश्यात आणि आत्महत्येचा धोका असताना तो आजही सर्वांत परिणामकारक उपचारांपैकी एक आहे, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तो भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय करताच येत नाही. हिंदी चित्रपटांतील तो प्रसंग डोक्यातून काढून टाका.

तुमच्यासाठी मात्र यापैकी कशाआधी दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचे मत घेणे आवश्यक आहे. खासगी दवाखान्याचा खर्च नको असेल, तर केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. एक सकाळ रजा टाकावी लागेल आणि रांगेत बसावे लागेल, पण केसपेपर काढून सविस्तर बोलता येते. जाताना एका कागदावर लिहून न्या : कोणती गोळी कधी सुरू झाली, किती वेळा आणि किती दिवस बंद ठेवली, २०१८ मधील ते महिने, काकांचा आजार, दारू घेत असाल तर किती, आणि ते शेवटचे वाक्य. तपासणीच्या खोलीत गेल्यावर आपण 'बरा आहे, झोप जरा कमी' एवढेच बोलून उठतो. कागद असला की डॉक्टरांना थांबावेच लागते. थायरॉइड आणि बी-१२ तपासले नसेल तर तेही विचारा. थायरॉइड मंदावल्यानेही माणूस असा खचतो आणि शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. औषधाच्या जोडीला बोलण्यातून होणारा उपचारही मागून घ्या, कारण तुमच्या आठ महिन्यांत तो एकदाही झालेला दिसत नाही.

हाच सल्ला, जुळवून घेऊन, त्या वाचकांनाही लागू आहे ज्यांच्या घराण्यात असा आजार नाही आणि ज्यांनी खरोखरच दोन-तीन औषधे पूर्ण काळ घेतली आहेत. अशा वाचकांनो, तुमची निराशा रास्त आहे. भारतात अशा उपचाराची अधिकृत चाचणी चालू आहे असे कोणी सांगितले, तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदवहीतील, म्हणजे सीटीआरआयचा क्रमांक मागा आणि स्वतः पडताळून पाहा. क्रमांक नसेल किंवा चाचणीतील औषधासाठी तुमच्याकडूनच पैसे मागितले जात असतील, तर तेथून उठा.

आता पत्नीविषयी. 'तिला टेन्शन नको' म्हणून तुम्ही लपवता. पण वर्षभर नवरा सकाळी उठू शकत नाही, हे त्यांना दिसत नसेल असे तुम्हाला वाटते का? त्यांना टेन्शन आहेच, फक्त ते कशाचे हे माहीत नाही आणि कदाचित त्या त्याहून वाईट काही गृहीत धरून बसल्या असतील. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी की २०१८ मध्ये त्या घरात होत्या. उन्मादाच्या काळात माणसाला स्वतःला सगळे छान वाटत असते. तो काळ कसा होता हे शेजारचा माणूस अधिक नीट सांगतो, म्हणून डॉक्टर बहुधा नातेवाइकांशी बोलू इच्छितात. त्यांना बरोबर घेऊन जा. मशरूमचा बेतही सांगून टाका. रागावतील. ते रागावणे, तीन दिवस फोन लागत नाही म्हणून मुलीला घेऊन गोव्याला धावत येण्यापेक्षा त्यांना कितीतरी सोपे जाईल.

राहता राहिली अर्धी गोळी, आणि ही बाब उद्यावर टाकण्यासारखी नाही. हे औषध अचानक कमी केले की चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात वीज चमकल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात, आणि नैराश्यही उलटून येऊ शकते. तुमचे शेवटचे वाक्य त्या चार दिवसांतलेच आहे का, हे मला माहीत नाही, पण डॉक्टरांना ते कळायला हवे. आजच त्यांना फोन करा, अर्धी गोळी केल्याचे सांगा आणि पूर्ण मात्रा पुन्हा कशी सुरू करायची ते विचारा. २०१८ बद्दलही त्याच फोनवर सांगा, म्हणजे मात्रा वाढवण्यापूर्वी ते त्याचा विचार करतील. गाइडला एक ओळीचा निरोप पुरे. त्या १५,००० रुपयांसाठी त्याच्याशी वाद घालत बसू नका.